खाऱ्या पाण्याचा निळा नकाशा

संपादकांचा फोन आला, "मुजावर मॅडम, दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा. काहीतरी हलकंफुलकं." मी म्हटलं, "माझं सगळं आयुष्य घाण पाण्यात गेलं, त्यात हलकंफुलकं काय असणार?" ते म्हणाले, "बघा, फराळ करता करता वाचता येईल एवढंच पाहा." तेव्हा वाचकांनी चकली हातात असेल तर खुशाल खावी. पाणी मात्र कुठल्या विहिरीचं आहे ते एकदा विचारून घ्यावं.

मी नक्की काय करत होते, हे माझ्या नातेवाइकांना माझ्या निवृत्तीपर्यंत कळलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी सांगायची, जमिनीखालच्या पाण्यात घाण शिरली की ती कुठल्या बाजूला जाणार, किती वेगानं जाणार आणि कुणाच्या विहिरीत कधी वर येणार, हे गणितानं शोधायचं. ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, "म्हणजे नळाचं काम का?" माझे अब्बा माधवनगरच्या गिरणीत रंगखात्यात होते. त्यांनी यावर तोडगा काढला होता. ते सगळ्यांना सांगत, "पोरगी पान्याची डाक्टर हाय." त्यामुळे माझ्याकडे मूतखड्याचे पेशंटही आले.

आमच्या धंद्यात या गणिताला मॉडेल म्हणतात, आणि या शब्दानं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. एका गावात मी कळवलं की मॉडेल तयार आहे, दाखवायला येते. गेले तर शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर धुतलेली चादर, शेजारी विजेचा बोर्ड, आणि मुलं रांगेत उभी. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. हेडमास्तर पिशवीत डोकावून म्हणाले, "थर्माकोलचं न्हाई व्हय? आन लायटिंग?" मुलांचा जो हिरमोड झाला तो मी अजून विसरलेले नाही. पुढच्या वेळी कारंजं तरी बसवावं, असं मला वाटून गेलं.

थर्माकोल नसला तरी प्रकार अवघड नाही. गावाची जमीन नकाशावर चौकोन चौकोन पाडून कापायची, वाकळेसारखी. मग एकेका तुकड्याला विचारायचं, बाबा, तुझ्यातून पाणी किती सहज सरकतं? पावसाचं किती मुरतं? मोटारी किती उपसतात? काळ्या मातीतून पाणी कुरकुरत जातं, मुरमातून पळतं, कातळात फट असेल तर जातं नाहीतर बसून राहतं. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला पाणी देतो किंवा त्याच्याकडून घेतो. या सगळ्या देण्याघेण्याची गणितं संगणक एकदम सोडवतो आणि पाणी कुठून कुठं चाललंय ते दाखवतो. मग त्या पाण्यात कागदावरच घाण सोडायची आणि ती कुठवर पसरते ते बघायचं. नकाशावर ती जिभेसारखी लांबत जाते. आम्ही तिला जीभच म्हणायचो.

पण भविष्य सांगण्याआधी भूतकाळ बरोबर सांगून दाखवावा लागतो. गेल्या काही वर्षांत विहिरींची पातळी जशी खालीवर झाली तशीच मॉडेलमध्ये झाली, तरच पुढचं तोंड उघडायचं. ही अट ज्योतिषांना लावली तर निम्म्या महाराष्ट्राची लग्नं खोळंबतील.

खरी पंचाईत दगडामातीची नसते, माणसांची असते. शेतकऱ्याला विचारावं, मोटार किती वेळ चालते? उत्तर ठरलेलं, "लाईट असंल तवर." लाईट कधी असते? "त्यांच्या मनावर." मी सरकारी माणूस आहे असं वाटलं तर उपसा निम्म्यावर यायचा, आणि शेजारी ऐकतोय असं दिसलं तर दुप्पट व्हायचा. मी शेवटी दोन्हींच्या मधला आकडा घ्यायला शिकले. मॉडेल चांगलं जुळायचं.

कारखानदारांचं याहून सोपं होतं. ते सगळे पाणी गाळून, उकळून, जवळजवळ तीर्थ करूनच सोडायचे. लोणंदला शेजारी शेजारी दोन कारखाने होते. खालच्या शेतातल्या विहिरी बिघडल्या तशी पहिल्यानं मला बोलावलं आणि बजावलं, "आमचं काही नाही, शेजाऱ्याचं बघा." दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानंही बोलावलं आणि तेच सांगितलं. मी दोघांना सांगून, दोघांचं काम एकत्र केलं. पाणी पहिल्याच्या खालून निघून दुसऱ्याच्या खालून जात होतं आणि दोघांचाही हातभार घेऊन शेतात पोचत होतं. नकाशा पाहिल्यावर कोर्टापर्यंत गेलेले ते दोन मालक एकमेकांशेजारी बसले, त्यांनी एकाच प्लेटमधले काजू खाल्ले आणि एकमतानं सांगितलं की मॉडेल चुकलंय. जुनं वैर एका नकाशानं मिटवल्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

आता ज्या गावासाठी हे लिहायला घेतलं तिकडे वळते. गाव आष्ट्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण तिथं मला अजून चहा मिळतो.

गावाच्या वरच्या अंगाला कापड धुण्याचा आणि रंगवण्याचा कारखाना होता. मालक अप्पासाहेब. पांढरे कपडे, गोड बोलणं, आणि गावाचा सरपंच दिनकर हा त्यांचा सख्खा भाचा. कारखान्याचं पाणी मागच्या एका उघड्या खड्ड्यात सोडलं जायचं. खड्ड्याला तळ म्हणून काही नव्हतं, म्हणजे होता तो पृथ्वीचा. खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आणि तिची जुनी विहीर. त्या विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण तोंडात घेववत नव्हतं.

वस्तीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या सुमनताई कांबळे ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला. दूध नासून तो कपातच फुटलेला होता. त्या म्हणाल्या, "मुद्दाम दिला मॅडम. आमच्या घरात रोज असाच असतोय. डाळ शिजत न्हाई, साबनाला फेस न्हाई. प्याला टँकर, आला तर." त्यांनी इतके अर्ज केले होते की शेवटी प्रदूषण बघणाऱ्या कार्यालयानं कारखान्याला अभ्यास करून घ्यायला सांगितलं. आपल्याकडची पद्धत अशी की ज्याच्यावर संशय त्यानंच तपासणारा नेमायचा. त्यामुळे मी अप्पासाहेबांची पाहुणी होते.

अप्पासाहेबांचं म्हणणं ठाम होतं. "मॅडम, ह्या भागात उसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झाली. पाणी खारं हुतंय ते उसापायी. माझा काय संबंध?" क्षारपडीची गोष्ट खोटी नव्हती. पण माझं बालपण रंगाऱ्याच्या घरात गेलं. कापडावर रंग बसवायला पोत्यानं मीठ लागतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. रंग मातीत अडकून मागं राहतो आणि मीठ पाण्याबरोबर पुढं जातं, म्हणून वस्तीच्या विहिरीत रंग दिसत नव्हता. मी नमुने घेतले, पातळ्या मोजल्या, मॉडेल केलं. उसानं आलेला खारटपणा सगळीकडे थोडाथोडा पसरलेला होता. त्याच्यावर एक वेगळी जीभ खड्ड्यातून निघून थेट वस्तीच्या विहिरीपर्यंत गेली होती. सरकारनं वस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची एक नवी विहीर मंजूर केली होती. एकच, आणि ती चुकली तर दुसरी कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. ती ओढ्यापलीकडच्या गायरान माळावर घ्यावी असं मी अहवालात लिहिलं. तो माळ जिभेच्या उलट्या बाजूला होता.

नकाशा अप्पासाहेबांच्या टेबलावर पसरला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, लाल कशाला?"

"धोका आहे म्हणून. जिथं जास्त मीठ तिथं गडद लाल."

"लोक बिथरत्यात लालाला. दुसरा रंग द्या की. आकडा बदला म्हनतोय का मी? आकडा तुमचा. रंगात काय हाय?"

"मग कुठला देऊ?"

"निळा द्या. पानी निळंच दावत्यात समदीकडं."

मी नाही म्हटलं, लाल जिभेसकट अहवाल दिला आणि सांगलीला परत आले. निघताना ते हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, रंगाचं आमी बगतो." मला वाटलं, विषय संपला. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही मी फ्लेक्सवाल्याला विसरले होते.

आपल्याकडे कुठलीही गोष्ट फ्लेक्सवर आल्याशिवाय घडली असं कुणी मानत नाही. माझा अहवालही घडवण्यात आला. चावडीसमोर भलामोठा फ्लेक्स लागला. वरच्या रांगेत मोठे नेते, मधे हात जोडलेले अप्पासाहेब, कोपऱ्यात गॉगल लावून मोबाईलवर बोलणारा दिनकर सरपंच, आणि खाली माझा नकाशा. जीभ निळी केलेली होती, अगदी समुद्रासारखी. कुठल्या रंगाचा अर्थ काय हे सांगणारा चौकोन नकाशाच्या कडेला असतो, तो कापला होता, कारण तिथं शुभेच्छुकांचे फोटो बसवायचे होते. वर लिहिलं होतं, "भूजल अभ्यासाबद्दल हार्दिक अभिनंदन." अभिनंदन कुणाचं ते लिहिलं नव्हतं, बहुतेक पाण्याचं असावं.

पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. लोकांनी नकाशा वाचला. निळं म्हणजे पाणी, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पाणाड्याला नारळ घेऊन रानभर फिरवण्यापेक्षा इथं संगणकानं फुकटात पाणी दाखवलं होतं. ज्यांची शेतं निळ्यात होती त्यांनी पेढे वाटले. बोअरच्या गाड्या आल्या. जिथं निळं सगळ्यात गडद तिथं तर शेजारी शेजारी बोअर पडल्या. पाणी भरपूर लागलं, कारण ते तिथं होतंच. ते चाखायची घाई कुणाला नव्हती. धूळ बसली, मोटारी बसल्या, आणि मग उसाची पानं करपायला लागली. गावानं ठरवलं की कीड पडली.

एक दिवस सुमनताईंचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी आमच्या विहिरीचा नारळ हाय. तुमच्या नकाशात निळं दाट हाय तितं खांदनार म्हनं. सरपंच म्हनतोय, मॅडमनीच जागा दावली."

मी म्हटलं, "सुमनताई, ते निळं नाही, लाल आहे."

मग त्या म्हणाल्या, "मग येताय का?"

वस्तीला मिळणारी एकुलती एक विहीर, ती नेमकी मिठाच्या पोटात खणली जाणार होती आणि वर माझं नाव लागणार होतं. भरपूर पाणी असल्याचा सरकारी दाखलाही त्या जागेला मिळालेला होता. भरपूर होतंच. पाणी कसलं आहे, हे विहीर झाल्यावर तपासायचं असतं.

सकाळी पोचले तर मांडव घातलेला, नारळ, हार, कुदळीला हळदकुंकू. शेजारी तोच फ्लेक्स आणून उभा केला होता. दिनकर सरपंचानं माईकवर माझं स्वागत केलं, "ज्यांनी आपल्याला पानी दाखवलं त्या मॅडम." टाळ्या झाल्या. मी माईक घेतला आणि सांगून टाकलं की नकाशातलं निळं म्हणजे कारखान्याच्या खड्ड्यातून आलेलं खारं पाणी आहे. मूळ नकाशात ते लाल होतं. इथं विहीर खणू नका.

एक म्हातारा उठला. "म्हंजे? मी ह्या निळ्यात बोअर मारलिया. ते पानी न्हवं?"

"पाणीच आहे, बाबा. पण कारखान्याचं."

सगळ्यांनी अप्पासाहेबांकडे बघितलं. ते घाबरले नाहीत. उलट हसले. "मॅडम आमच्याच हायती. पर हे गनित हाय, गड्यानो. गनितात काय बी येतंय. कागदावरचं पानी कागदावर खारं. इतं भरपूर पानी हाय, सरकारी दाखला हाय. शुभ कार्यात असं बोलू न्हाई." लोक हसले. मी चिडून पुन्हा वाकळ, मुरूम, पातळी सुरू केलं. चौकोनांचं समजावता समजावता मला जाणवलं की समोरची माणसं जेवणाच्या पातेल्याकडे बघताहेत. मी हरत होते, आणि मला ते कळत होतं.

तेवढ्यात सुमनताई उठल्या आणि फ्लेक्सजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"ह्यो वडा. ह्यो पलीकडचा माळ. आप्पा, तुमच्या नव्या बंगल्याची बोअर इतं माळाच्या कडंला हाय न्हवं?"

अप्पासाहेब म्हणाले, "हाय की. वास्तूवाल्यानं ईशान्येला पानी सांगितलं."

हे सगळ्या गावाला माहीत होतं. बंगला गावाच्या खालच्या अंगाला आणि बोअर पार ओढ्यापलीकडं. गावात बोअर पडत होत्या त्याच दिवसांत एवढ्या लांबून पाईप टाकला तेव्हा गाव हसलं होतं, की अप्पांना वास्तूनं पुरतं नाचवलं.

"इतं तर पांढरं हाय," सुमनताई म्हणाल्या. "निळ्यात पानी म्हनून समद्या गावानं निळ्यात बोअरी मारल्या. तुमचा बंगला तर निळ्यातच बसतोय. दारात पानी असताना तुमी पांढऱ्यात कशापायी गेलासा?"

माईक माझ्या हातात कुरकुरत होता. मलाही तेव्हाच उमगलं. माझा अहवाल त्या गावात एकाच माणसानं नीट वाचला होता, त्याच्यावर विश्वास ठेवला होता आणि त्याप्रमाणे वागला होता. तो माणूस म्हणजे अप्पासाहेब. लाल नकाशा घरी ठेवून निळा त्यांनी गावाला दिला होता.

ज्या म्हाताऱ्यानं बोअर मारली होती तो हळूच म्हणाला, "आप्पा, वास्तू काय रं, आमास्नी बी सांगायची हुती की."

"सांगायचं काय त्यात," सुमनताई म्हणाल्या, "आमची बी वास्तू तीच. माळ गायरान हाय, कुनाच्या बापाचा न्हाई. आमची विहीर आप्पांच्या बोअरीशेजारी खांदा. उचला कुदळ."

आणि कुदळ खरोखरच उचलली गेली. मांडव तिथंच राहिला, माणसं ओढा ओलांडून माळावर गेली. दिनकर सरपंचानं परिस्थिती ओळखून तिथंही नारळ फोडला आणि तिथंही भाषण केलं, की ही जागा पहिल्यापासून त्याच्या मनात होती.

विहिरीला गोड पाणी लागलं. ग्रामपंचायतीनं लगेच सगळ्या गावाची नळयोजना तिच्यावर जोडली. निळ्यातल्या बोअरवाल्यांची तीच सोय होती. उपसा वाढला, आणि मला धास्ती वाटली. जिथून पाणी जोरात ओढलं जातं तिकडं घाण वळते. मी मॉडेल पुन्हा चालवलं आणि नवा नकाशा घेऊन अप्पासाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला.

"ही जीभ वड्याकडं का वळली?"

"तिकडून उपसा जास्त आहे म्हणून."

"पर तितं माजी बोअर हाय."

"वस्तीची विहीरही आहे."

ते त्यांना ऐकू आलं नाही. "कवा पोचंल?"

"खड्डा असाच चालू राहिला तर तुमच्या नातवाला मिसरूड फुटायच्या आत."

नातू तेव्हा पाचवीत होता. त्याच उन्हाळ्यात खड्डा बंद झाला, पाणी शुद्ध करायची टाकी बांधली गेली आणि ती चालूही राहिली, हे विशेष. सुमनताईंच्या अर्जांनी जे झालं नाही, कार्यालयाच्या नोटिशींनी झालं नाही, माझ्या गणितानंही झालं नाही, ते एका माणसाच्या घरच्या नळाला धोका आहे म्हटल्यावर झालं. मला याचा तेव्हा राग आला आणि आजही येतो. टाकीच्या उद्घाटनाला नवा फ्लेक्स लागला. त्यावर अप्पासाहेबांच्या नावामागं "पर्यावरणप्रेमी" होतं. त्यासाठी त्यांनी माझ्याकडं नकाशा मागितला आणि वर सांगितलं, "मॅडम, ह्या टायमाला लालच ठेवा. निळा दिला की येडी बोअर मारत्यात."

निवृत्तीनंतर एकदा सुमनताईंना भेटायला गेले. गिरणीच्या गळक्या पत्र्याखाली तो जुना फ्लेक्स ताणून बांधला होता, आतून अप्पासाहेब आमच्या डोक्यावर उलटे हात जोडून दिसत होते. चहा आला. फुटलेला नव्हता. मी दोन कप घेतले.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, जुनी विहीर कवा गोड व्हनार?"

खड्डा बंद झाला तरी मातीत बसलेलं मीठ लगेच जात नाही. उत्तर मला माहीत होतं, मॉडेलनं ते केव्हाच दिलं होतं. मी म्हटलं, "आपण दोघी असेपर्यंत नाही, सुमनताई."

त्या उठल्या. मला हाताला धरून वस्तीमागं घेऊन गेल्या. जुन्या विहिरीचा सगळा कठडा त्यांनी लालभडक रंगवला होता, आतून आणि बाहेरून. वस्तीत नवीन सून आली, कुणाकडं पाहुणा आला, कुणाचं पोर खेळत तिकडं गेलं, तर त्याला विचारायला लागू नये म्हणून. नोकरीत मी जितके लाल डाग नकाशांवर काढले, त्यातले बहुतेक कुणी ना कुणी पुसले, कापले किंवा निळे केले. हा एक तसाच राहिला होता, आणि तो मी काढलेला नव्हता.

एका बाजूला रंग ताजा दिसत होता. मी त्यावर हात फिरवला तर बोटांना लागला.

"पावसानं उडतोय," सुमनताई म्हणाल्या. "उडाला की परत मारतो. मी हाय तवर मी, मग सून. पानी गोड होईस्तवर."